रंगवून केसांचा झाडू झालाय? मग आधी हे वाचा

बर्गंडी, कॉपर, ॲश ग्रे... रंग महिन्या-दोन महिन्यांत उतरतो, केस मात्र कायमचे उतरल्यासारखे दिसायला लागतात. मग सुरू होतो घरगुती उपायांचा सपाटा. दही, अंडं, लिंबू, सोडा, कांदा, जवस. यातलं कामाचं काय, नुसता वेळ खाणारं काय आणि सरळ धोक्याचं काय?

एक काम करा. कंगव्यात अडकलेला एक लांब केस घ्या. पाण्यात बुडवा, दोन्ही टोकं चिमटीत धरा आणि हळूहळू ओढा. धडधाकट केस थोडा ताणला जातो आणि सोडला की परत जागेवर येतो. ब्लीच खाऊन थकलेला केस मात्र चघळलेल्या च्युइंगगमसारखा लांबत जातो आणि तसाच लोंबत राहतो. नाहीतर ताणायच्या आधीच पुटकन तुटतो.

तुमचा केस कुठल्या गटात बसला ते कळलं? आता पुढे वाचा. कारण कुठला उपाय करायचा हे त्यावरच ठरणार आहे.

माहूरहून नांदेडला, पुसदला किंवा यवतमाळला शिकायला गेलेल्या पोरींचा एक ठरलेला प्रवास असतो. पहिल्या वर्षी वेणी, दुसऱ्या वर्षी लेयर कट, तिसऱ्या वर्षी कलर. पोरंही मागे नाहीत बरं का. कटिंगच्या दुकानात आता दाढीच्या साबणाशेजारी ब्लीचच्या पुड्या असतात आणि कपाळावर एक सोनेरी बट काढून घ्यायला दोन-तीन महिन्यांचा पॉकेटमनी जातो. यात वाईट काही नाही. केस तुमचे, डोकं तुमचं. प्रश्न नंतरचा आहे. नवरात्रात घरी जायचं असतं, गडावर सगळं गाव भेटतं, आणि आरशात दिसतो तो कोरडा, फुगलेला, टोकाला फाटलेला गवताचा भारा. मग पार्लरवाली ताई हजारो रुपयांच्या ट्रीटमेंटचं नाव काढते आणि आपण मुकाट्याने मोबाइल उघडून 'घरगुती उपाय' शोधायला लागतो.

तांबूल आणि हेअर कलर

उपायांकडे जाण्याआधी केसाचं नेमकं काय बिघडलंय ते समजून घेऊ. माहूरकरांना समजवायला उदाहरण घरातलंच आहे. रेणुकामातेचा प्रसाद म्हणजे तांबूल, कुटलेला विडा. आता आठवून बघा, पान हिरवं, चुना पांढरा, कात तपकिरी. यातलं एकही लालभडक नाही. तरी विडा तोंडात गेला की जीभ लाल. चुना अल्कली असतो. त्याच्या संगतीत कात आणि सुपारीतली द्रव्यं ऑक्सिजनबरोबर बदलतात आणि लाल रंग तयार होतो. म्हणजे रंग आधीपासून नव्हता, एकत्र आल्यावर झाला.

खोक्यातला पर्मनंट हेअर कलर साधारण याच चालीनं काम करतो. एका ट्यूबमध्ये अमोनिया किंवा त्याच्या जातीचा अल्कली आणि रंगहीन, बारीक रेणू. दुसऱ्या बाटलीत हायड्रोजन पेरॉक्साइड. केसावर बाहेरून खवले असतात, एकावर एक बसवलेल्या कौलांसारखे. अल्कलीमुळे केस फुगतो आणि कौलं उचकटतात. त्या फटींतून बारीक रेणू आत जातात. पेरॉक्साइड दोन कामं करतं, केसातला मूळचा काळा रंग जाळतं आणि त्या बारीक रेणूंना एकमेकांत जोडून मोठे रंगीत रेणू बनवतं. मोठे झाल्यावर त्यांना बाहेर पडायला जागा उरत नाही, म्हणून रंग टिकतो.

ब्लीचमध्ये तर रंग भरायचाच नसतो, फक्त जाळायचा असतो. त्यामुळे नुकसान जास्त. काळ्याभोर केसांवर ॲश ग्रे आणायचं म्हणजे आधी केस जवळजवळ पिवळट-पांढरा होईपर्यंत जाळावा लागतो, तेही कधी दोनदा. पार्लरमध्ये डेव्हलपरच्या बाटलीवर २०, ३०, ४० व्हॉल्यूम असे आकडे असतात. २० म्हणजे ६ टक्के पेरॉक्साइड, ३० म्हणजे ९ आणि ४० म्हणजे १२. आपल्यासाठी कुठली बाटली उघडली, हे विचारायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. आपण शेडचा फोटो दाखवतो आणि बाटलीचा आकडा कधीच विचारत नाही.

या सगळ्यात केसावरचा एक अगदी पातळ, तेलकट थर निघून जातो. हा थर पाण्याला लांब ठेवायचा आणि केसाला केस घसरू द्यायचा. तो गेला की केस पाणी पितो, फुगतो, वाळताना खरखरीत होतो आणि शेजारच्या केसात अडकतो. आतल्या केराटिनला धरून ठेवणारे गंधकाचे बंधही ब्लीचमुळे तुटतात. मघाचा च्युइंगगमवाला केस तो हाच.

आणि इथेच एक कडू गोष्ट. डोक्याबाहेर आलेला केस जिवंत नसतो. नखासारखाच. फाटलेलं नख जसं दही लावून सांधत नाही, तसा फाटलेला केसही सांधत नाही. 'रिपेअर' हा शब्द बाटलीवर असो की रीलमध्ये, तो ऐकून हुरळून जाऊ नका. घरातल्या वस्तू काही गोष्टी नक्की करू शकतात. धुताना होणारी पुढची झीज कमी करणं, उचकटलेल्या कौलांवर गुळगुळीत लेप देणं, पाण्यातल्या क्षारांचा थर उतरवणं. हे कमी नाही. फक्त त्याहून जास्त मागू नका.

खोबरेल जिंकलं, करडई हरली

घरगुती उपायांत ज्याच्यामागे धड प्रयोग आहे असा एक उपाय सांगायचा तर खोबरेल तेल. आणि हा प्रयोग आपल्याच राज्यातला आहे. मुंबईच्या मॅरिको कंपनीतले संशोधक आरती रेळे आणि आर. बी. मोहिले यांनी खोबरेल, सूर्यफूल तेल आणि मिनरल ऑइल अशी तीन तेलं केसांवर लावून, धुऊन, केसातून किती प्रथिनं निघून जातात ते मोजलं. २००३ मध्ये 'जर्नल ऑफ कॉस्मेटिक सायन्स'मध्ये तो निबंध आला. चांगल्या आणि खराब झालेल्या, दोन्ही केसांत प्रथिनांची गळती ठळकपणे कमी केली ती एकट्या खोबरेलनं.

आता तुमच्या मनात आलं असेल ते माझ्याही मनात आलं. मॅरिको म्हणजे पॅराशूटवाली कंपनी. खोबरेल विकणाऱ्यांनी खोबरेलला पहिला नंबर दिला, यात नवल काय? शंका रास्त आहे आणि असे निबंध वाचताना ती ठेवावीच. पण कारणही पटण्यासारखं आहे. खोबरेल तेलातला साधारण निम्मा भाग लॉरिक आम्लाचा असतो. त्याचा रेणू छोटा आणि सरळ, त्यामुळे तो केसाच्या आत शिरतो. सूर्यफूल तेलाचे रेणू वाकडे आणि थोराड, ते बाहेरच बसतात. मिनरल ऑइल तर प्रथिनांशी नातंच सांगत नाही. बाजारातल्या बऱ्याचशा 'हलक्या', सुवासिक तेलांच्या बाटलीवर बारीक अक्षरात 'लाइट लिक्विड पॅराफिन' लिहिलेलं असतं. ते हेच. चमक येते, आत काही जात नाही.

मराठवाड्यात अजून एक गंमत आहे. आपल्याकडे जुन्या घरांत तेल म्हणजे करडई. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठानं करडईचे वाण काढलेत, भाकरीवर करडईचं कच्चं तेल आणि चटणी खाऊन आपल्या आज्ज्या ऐंशी वर्षं धडधाकट जगल्या. म्हणून डोक्यालाही तेच? इथे मात्र थांबा. करडईत सुमारे तीन चतुर्थांश लिनोलेइक आम्ल असतं, म्हणजे जात सूर्यफुलाचीच. पोटात चांगलं, केसावर चकाकी देणारं, पण खोबरेलचं काम ते करत नाही. किनवट-माहूरच्या जंगलपट्ट्यात मोहाच्या बियांचं तेल मिळतं. ते थंडीत तुपासारखं थिजतं आणि अंगाला, केसाला लावलं जातं. कोरड्या टोकांवर दोन थेंब चोळायला छान जड लेप होतो. मिळालं तर नाही म्हणू नका, पण भेसळ खूप असते, म्हणून काढणाऱ्याकडूनच घ्या.

लावायचं कसं? इथे बहुतेकांचं चुकतं. तेल धुतल्यानंतर नाही, धुण्याच्या आधी. चहाचे एक-दोन चमचे, तेही मुळांशी नाही, मधल्या भागापासून टोकांपर्यंत. किमान दोन-तीन तास, जमलं तर रात्रभर. मग शाम्पू. पाणी केसात शिरून त्याला फुगवतं आणि वाळताना तो आकसतो. या फुगण्या-आकसण्यातच खराब केस तुटतो. आधीच आत बसलेलं तेल पाण्याला जागा देत नाही, एवढीच त्यातली युक्ती. वाटीभर तेल थापायची गरज नाही, सध्याच्या खोबरेलच्या भावात तर मुळीच नाही. थंडीत तेल गोठलं असेल तर बाटली गरम पाण्याच्या तांब्यात ठेवा, गॅसवर कढवू नका. आणि कोंडा असेल तर टाळूला तेल लावूच नका. कोंड्यामागची बुरशी तेलावरच पोसते.

चटणीतला जवस, रीलमधलं फ्लॅक्ससीड

'घरच्या घरी केराटिन ट्रीटमेंट' नावाचा एक प्रकार तुम्ही पाहिलाच असेल. जवस उकळायचा, शिजवलेला भात घालायचा, मिक्सरमधून काढायचं, लावायचं आणि व्हिडिओच्या शेवटी केस रेशमासारखे. आधी हे स्पष्ट करू. जवसात केराटिन नाही, भातात तर नाहीच. केराटिन केसात, नखात, लोकरीत, शिंगात असतं. भातात स्टार्च असतो. इस्त्रीच्या कपड्याला जो कांजीचा कडकपणा येतो, तोच केसाला येतो. दोन तास छान दिसतं, मग फणी अडकते.

पण भात वजा केला तर नुसता जवस खरंच कामाचा आहे. आणि त्यासाठी ऑनलाइन पाकीट मागवायची गरज नाही, घरातल्या चटणीच्या डब्याशेजारीच तो असतो. दोन मोठे चमचे न भाजलेला जवस, दोन कप पाणी, मंद आचेवर सात-आठ मिनिटं हलवत राहा. पाणी अंड्याच्या पांढऱ्यासारखं बुळबुळीत झालं की लगेच, गरम असतानाच गाळा. थंड झालं की ते चाळणीतून उतरतच नाही. जुन्या सुती ओढणीचा तुकडा सगळ्यात बरा. धुतलेल्या, अर्धवट ओल्या केसांवर थोडंसं चोळलं की ते पातळ पापुद्र्यासारखं बसतं, कौलं खाली दाबतं आणि फुगा कमी करतं. फ्रिजमध्ये आठवडाभर टिकतं. होस्टेलवर फ्रिज नसेल तर एका वेळेपुरतंच करा. वास बदलला की फेकून द्या, 'थोडंसंच आंबलंय' म्हणून डोक्याला लावू नका.

रात्रभर भिजवलेली मेथी आणि जास्वंदीची पानं हेच करतात. तिन्हींत चिकट, बुळबुळीत द्रव्य असतं आणि तेवढंच कामाचं असतं. मेथी वाटून लावलीत तर नंतर केसातून तिचे कण वेचण्यात संध्याकाळ जाईल, आणि भिजलेल्या मेथीचा वास उशीला दोन दिवस राहील. म्हणून भिजवलेलं पाणी गाळून वापरा. केळ्याचीही तीच तऱ्हा. वाळलेलं केळं केसातून काढताना जितके केस तुटतात, तितके ब्लीचनंही तुटले नसतील.

कोरफडीचा गर म्हणजे जवळजवळ सगळं पाणीच. थोडा लेप, थोडा गारवा. लावायला हरकत नाही, मात्र पान कापल्यावर जो पिवळा चीक येतो तो आधी निथळून जाऊ द्या. त्यानं खाज सुटते. दह्यात लॅक्टिक आम्ल असतं. केसाला हलकं आंबट मानवतं, अल्कलीनं उचकटलेली कौलं थोडी बसतात. ताजं, कमी आंबट दही दहा-पंधरा मिनिटं पुरे. अंडं? त्यातलं प्रथिन केसात शिरण्याच्या मानानं फारच मोठं असतं, ते बाहेर बसतं आणि पाण्याबरोबर जातं. आणि ते पाणी गरम असेल तर डोक्यावर ऑम्लेट. गंमत नाही करत. अंडं खा, केसांना त्याचा जास्त उपयोग आहे.

लिंबू, सोडा आणि गच्चीवरचं ऊन

आता ज्यासाठी हा लेख लिहायला घेतला तो भाग.

माझ्या वर्गातली एक मैत्रीण. नाव राहू द्या. माहूरच्या बाजूच्या एका गावातली. तिनं नांदेडला हायलाइट्स करून घेतले, सुंदर दिसत होते. पण नवरात्रात घरी जायची वेळ आली आणि धीर सुटला. आजीला दिसायच्या आत रंग उतरवायचा म्हणून तिनं मोबाइलवर सापडलेला उपाय केला. लिंबाचा रस आणि खायचा सोडा यांची पेस्ट, ओल्या केसांवर, आणि वर तासभर गच्चीवरचं ऊन. रंग उतरला नाही. उलट नारिंगी झाला. टाळूची आग आग झाली, दुसऱ्या दिवशी कानामागे लाल चट्टे आणि पाण्याचे फोड आले. फणी फिरवली की हातात चार-चार बोटं लांबीचे तुकडे. घरी गेली ती ओढणी डोक्यावरून घट्ट घेऊन. आजीनं तिसऱ्या दिवशी ओढणी बाजूला केली आणि एवढंच म्हणाली, "रंगाचं काय घेऊन बसली माय, कातडं सोललंय की तुझं. आधी दवाखान्यात चल."

डॉक्टरांनी मलम दिलं आणि पुढचे पंधरा दिवस डोक्याला काहीही लावायचं नाही असं बजावलं. 'नैसर्गिक'सुद्धा नाही.

झालं काय होतं? खायचा सोडा अल्कली आहे. अमोनियानं जे केलं होतं, तेच त्यानं पुन्हा केलं, कौलं उचकटली. लिंबाचा नुसता रस इतका आंबट असतो की सोललेल्या कातडीवर तो झोंबणारच. दोन्ही मिसळले की जो फेस येतो तो पाहून वाटतं, वा, काम चाललंय. तो फेस म्हणजे कार्बन डायऑक्साइड, सोड्याच्या बाटलीतला वायू. त्याचा रंगाशी काही संबंध नाही. शिवाय लिंबाचा रस कातडीवर लावून कडक उन्हात बसलं तर भाजल्यासारखे डाग पडू शकतात, आणि मराठवाड्याचं ऊन कसं असतं ते तुम्हाला सांगायला नको. काही घरांत खायचा सोडा आणि धुण्याचा सोडा शेजारी-शेजारी असतात. धुण्याचा सोडा त्याहून कितीतरी तिखट. चुकून तो हाती लागला तर काय, याचा विचारच नको.

म्हणून, रंग नकोसा झाला असेल तर तो घरी उतरवायच्या भानगडीत पडू नका. रिठ्याचं पाणी किंवा शिकेकाईही रंग झपाट्यानं फिका करतात, पण त्याबरोबर उरलंसुरलं तेलही नेतात. केस खराब नसतील तर शिकेकाईसारखी गोष्ट नाही. खराब असतील तर भुकटी चोळण्याऐवजी उकळून, गाळून फक्त पाणी घ्या, तेही कधीतरी.

कांद्याच्या रसाबद्दल एका वाक्यात सांगते. रंगवून कोरड्या झालेल्या केसांशी त्याचा काही संबंध नाही, आणि आग मात्र नक्की होते.

मेंदी लावून झाकू का?

हा प्रश्न हमखास येतो. शुद्ध मेंदीच्या पाल्यातला लॉसोन नावाचा रंग केराटिनला घट्ट चिकटतो. काळ्या केसावर त्याची लालसर झाक येते. ब्लीच केलेल्या केसावर? गाजर. आणि तो उतरत नाही. त्यामुळे हायलाइट्सवर मेंदी टाकायचा विचार असेल तर आधी कंगव्यातल्या केसांचा झुपका करून त्यावर लावून बघा.

'काळी मेंदी' ही तर वेगळीच वस्तू आहे. मेंदी काळी नसते. काळा रंग बहुतेक वेळा पीपीडी म्हणजे पॅराफिनिलिनडायमिन या रसायनाचा असतो, तोच जो काळ्या हेअर डायमध्ये असतो. काहींना त्याची जबरदस्त ॲलर्जी असते. डोळे मिटतील इतका चेहरा सुजतो. पाकिटावर कितीही हिरवी पानं छापलेली असोत, मागची यादी वाचा. आणि कुठलाही रंग लावायच्या ४८ तास आधी कोपराच्या आतल्या बाजूला थोडासा लावून बघा. प्रत्येक वेळी. मागच्या वेळी काही झालं नाही म्हणून या वेळी होणार नाही, असं ॲलर्जीत नसतं. मेंदीच्या काही पुड्यांत धातूंचे क्षारही असतात. त्यावर पार्लरचं पेरॉक्साइड पडलं की केस तापतो आणि तुटतो. म्हणून पार्लरमध्ये गेल्यावर मेंदी लावली होती हे लपवू नका, ओरडा बसला तरी चालेल.

दोष अर्धा पाण्याचा

पुण्या-मुंबईच्या ब्युटी पेजवरचे उपाय आपल्याकडे का चालत नाहीत, याचं एक कारण नळात आहे. किंवा नळात काही नसतं, बोअरमध्ये असतं, यात आहे. २०१६ च्या एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं, हे तुमच्यातल्या अनेकांनी लहानपणी पाहिलंय. नदी-धरण आटलं की आपण खोल बोअरवर जगतो. त्या पाण्यात डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही, बादलीला पांढरी कड धरते. जी कड बादलीला, तीच केसाला. कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार उचकटलेल्या कौलांत जाऊन बसतात आणि मग कितीही चांगला शाम्पू वापरा, केस खरखरीतच. पिण्याच्या पाण्याचा भारतीय मानक म्हणतो, कठीणपणा लिटरला २०० मिलिग्रॅमपर्यंत असावा, दुसरी सोय नसेल तर फार तर ६००. तुमच्या होस्टेलच्या बोअरचा आकडा कधी विचारून बघा.

यावर घरगुती उपाय खरोखर चालतो. एक मोठा चमचा पांढरं व्हिनेगर किंवा अर्ध्या लिंबाचा गाळलेला रस लिटरभर पाण्यात. शाम्पूनंतर केसांच्या लांबीवर ओतायचं, अर्धा-एक मिनिट ठेवायचं, साध्या पाण्यानं धुऊन टाकायचं. पंधरा दिवसांतून एकदा. टाळूवर जखम असेल तर नाही. मघाच्या लिंबात आणि या लिंबात फरक आहे तो लिटरभर पाण्याचा. पावसाळ्यात पत्र्यावरून पहिला धुवट पाऊस वाहून गेल्यावरचं पाणी बादलीत धरा आणि शेवटचा तांब्या त्याचा घ्या. हे पाणी मऊ असतं. फेस किती येतो ते बघा, म्हणजे पटेल. आणि पाण्याच्या कॅनमधलं शेवटी उरलेलं तांब्याभर पाणीही चालतं, फक्त रूममेटला विचारून.

गुंता म्हणजे फक्त गुंता

वरचा तेलकट थर गेलेला केस फार गुंततो. मानेजवळ तर रात्रीतून गाठ होते. आपल्या भागात अशा गाठीकडे बघायची एक वेगळी नजर आहे. कुणीतरी मोठं माणूस हळूच म्हणतं, 'जट आलीय, देवीची आहे, कात्री लावू नका.' महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या नंदिनी जाधव यांनी अनेक बायकांच्या, वर्षानुवर्षं मानेवर ओझं झालेल्या जटा कापून त्यांना मोकळं केलंय. त्या बायकांचीही सुरुवात एका न सुटलेल्या गुंत्यापासूनच झाली असणार. देवीवर श्रद्धा ठेवा, गुंता मात्र सोडवा. कोरडा ओढायचा नाही. कंडिशनर किंवा जवसाचा लेप लावून, रुंद दातांच्या कंगव्यानं, टोकाकडून सुरू करून वर जायचं. आपण नेमकं उलटं करतो.

कंडिशनरचं नाव निघालंच आहे तर एक कबूल करायला हवं, लेखाचा विषय घरगुती उपाय असला तरी. दुकानातला साधा, स्वस्त कंडिशनर या बऱ्याच लेपांपेक्षा चांगलं काम करतो. खराब झालेल्या केसावर ऋण भार जास्त असतो आणि कंडिशनरमधले मुख्य रेणू धन भाराचे असतात. त्यामुळे जिथे केस जास्त खराब, तिथेच ते जास्त चिकटतात. जवसाला ही अक्कल नाही. महिनाअखेरीला पन्नासच रुपये उरले असतील तर ते खोबरेलच्या छोट्या बाटलीत आणि कंडिशनरच्या सॅशेत घाला, ॲव्होकॅडोत नाही.

केस तुटतोय की गळतोय?

हे मात्र नीट बघा. हातात आलेल्या केसाच्या एका टोकाला बारीक पांढरा मणी असेल तर तो मुळातून आला आहे. मणी नसेल, लांबी अर्धीच असेल, तर तो मधून तुटलाय. तुटण्याचा दोष रंगाचा, ब्लीचचा, इस्त्रीचा. गळण्याचं कारण सहसा आत असतं, रक्तात, खाण्यात, थायरॉइडमध्ये, परीक्षेच्या ताणात, टायफॉइड किंवा डेंग्यूनंतरच्या अशक्तपणात. तिथे तेल, जवस, मेथी कुणाचंच काही चालत नाही.

बुलडाण्याची गोष्ट आठवते ना? जानेवारी २०२५ मध्ये शेगाव तालुक्यातल्या बोंडगाव आणि आसपासच्या गावांत काही दिवसांत लोकांना टक्कल पडायला लागलं. पहिला संशय पाण्यावर गेला. आयसीएमआरचं पथक आलं. पुढे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी रेशनच्या गव्हातलं जास्तीचं सेलेनियम हे कारण असल्याचं मांडलं. म्हणजे डोक्यावर जे दिसत होतं, त्याचा धागा ताटात सापडला. त्यामुळे मूठ-मूठ केस मुळातून येत असतील, नाण्याएवढी गोल जागा मोकळी झाली असेल, टाळूला फोड, पू, सूज असेल, तर प्रयोग बंद. सरकारी दवाखान्यात त्वचारोगाची ओपीडी असते. विष्णुपुरीच्या डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात जाता येतं. सकाळी लवकर जा, रांग असते. जाताना ज्या रंगाचं खोकं वापरलं ते सोबत न्या. डॉक्टरांना नावावरून नाही, घटकांच्या यादीवरून कळतं.

बाकी सगळं वाढण्यावर. केस महिन्याला साधारण एक ते सव्वा सेंटिमीटर वाढतो. खांद्याखाली तीसेक सेंटिमीटर लांब केस असतील तर त्याचं टोक अडीच वर्षांपूर्वीचं आहे, म्हणजे बारावीच्या आसपासचं. तेवढी उन्हं, तेवढे शाम्पू, तेवढे बोअर त्यानं पाहिलेत, त्यावर पुन्हा ब्लीच. दर दोन-अडीच महिन्यांनी बोटभर टोक काढत गेलात तर वर्ष-सव्वा वर्षात रंगवलेला बराचसा भाग निघून जातो आणि लांबीही फार कमी झालेली दिसत नाही. पोरांचं काम तर एका कटिंगमध्ये संपतं. भरतीच्या तयारीला लागलेल्यांनी ते आधीच केलं असेल.

मधल्या काळात इस्त्री आणि स्ट्रेटनर बाजूला ठेवा, टॉवेलनं खसाखसा पुसण्याऐवजी जुन्या सुती टी-शर्टनं टिपून घ्या, आणि टोकं कापायला घरातली भाजीची कात्री घेऊ नका. बोथट कात्रीनं कापलेलं टोक आठवड्याभरात पुन्हा फाटतं. शिवणकामाची धारदार कात्री चालेल, काकूनं दिली तर.